तिसरी उडी

"पोट वाढला काय रे तुझा?" असं म्हणत दादाने धक्क्यावर सगळ्यांदेखत माझ्या पोटावर चापट मारली. "बरा झाला. आज वारो जोरात आसा. जाताना कामाक येतला."

आजूबाजूची चार माणसं हसली. मीही हसलो. त्या काळी मला हसून घ्यायची सवय होती.

"जाताना कामाक येतला, ता ठीक," मी म्हणालो. "पण येताना काय ठरला, ता आठवता मा?"

"आठवता रे! कितीदा सांगू? यंदा तू होडयेतसूनच लागतलंस. हरी आणि रुपाजी उडये मारतले. आता काय देवीची शपथ घेव?"

"घे."

मी त्याचा खिसा तपासायला मागितला असावा, अशा नजरेने दादाने माझ्याकडे पाहिलं. धाकटा भाऊ थोरल्याला शपथ घालतो, तीही तो होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख असताना, हे आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं. पण माणसं बघत होती. त्याने देवळाच्या दिशेला हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि होडीत चढला.

या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. अजून आठवली की माझं डोकं फिरतं, आणि बायको म्हणते, पाणी प्या आणि गप बसा. पाणी पितो. गप बसणं जमत नाही.

आमच्या खांबेवाडीत माघातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शिडाच्या होड्यांची शर्यत असते. आजूबाजूच्या वाड्यांच्याही होड्या येतात, पण त्या शोभेला. खरी झुंज आमची आणि खाडीपलीकडच्या तळेकोंडाची. धक्क्यावरून निघायचं, खाडीच्या तोंडाशी बगळ्याचा खडक आहे त्याला वळसा घालायचा आणि परत धक्क्याला लागायचं. होडीवर सहा माणसं, सगळी आपखुशीने आलेली. कोणी मासेमारीतला, कोणी एसटीत, माझी पिठाची गिरण. मिळायचं काय, तर देवीचा नारळ आणि वर्षभर पलीकडच्यांना डिवचायचा हक्क. तेवढ्यासाठी माणसं मुंबईहून रजा टाकून यायची.

आता वजनाची भानगड सांगायला हवी. जाताना वारा समोरून असतो, त्यामुळे होडी एका अंगावर कलते. मग माणसांनी उंच झालेल्या कडेवर बसून बाहेर झुकायचं आणि तिला सरळ धरायचं. तिथे माणूस जितका जड तितका चांगला. येताना मात्र वारा पाठीमागून असतो, आणि धक्क्याच्या अलीकडे डोंगराचा आडोसा आला की तोही मरतो. मग तीच जड माणसं होडीला नकोशी होतात. त्यांनी तिथे पाण्यात उड्या टाकायच्या. बाबल खडपकर इंजिनाची होडी घेऊन मागून येत असतो, तो त्यांना उचलतो. हे दोन्ही गावं करतात, पंच काही बोलत नाहीत. याला आमच्याकडे 'वजन उतरवणं' म्हणतात.

ते वजन म्हणजे मी. होडीचा तोल राहावा म्हणून तिच्या तळाला दगड घालतात, त्याला नीरम म्हणतात. मला अख्खी खांबेवाडी नीरम म्हणायची. माझं नाव सगुण आहे हे फक्त माझी बायको, रेशनकार्ड आणि रागावलेला दादा, एवढ्यांनाच ठाऊक होतं. लग्नाआधीपासून दर वर्षी मी जाताना कडेवर लोंबकळून पोटऱ्या सोलून घ्यायचो आणि येताना दादाने "नीरम, मार!" म्हटलं की पाण्यात जायचो. शेवटची रेषा मी कधी होडीतून ओलांडलीच नाही.

आणि होडी धक्क्याला लागली की बायका ताटं घेऊन उभ्या असतात. होडीतून उतरलेल्यांना ओवाळतात, कपाळाला कुंकू लावतात. पाण्यातून आलेल्याला ओवाळत नाहीत. ओलेत्याने ओवाळून घेतलं तर अपशकुन, कारण ओलेत्याने माणूस स्मशानातून परततो. म्हणून जिंकलेल्या वर्षीसुद्धा मी बाबलच्या होडीतून सगळ्यांत शेवटी यायचो आणि गर्दीच्या मागच्या बाजूने घरी जाऊन लुंगी बदलायचो.

प्रमिलाने त्या सकाळी चुलीपुढेच मला ऐकवलं होतं.

"तीन वर्सां झाली लग्नाक. दर वर्सा मी ताट घेवन उभी रवतंय आणि ओवाळतंय कोणाक? तुमच्या भावाक! लोक विचारतत, तुझो घो खंय? मी काय सांगू? पाण्यात पडलो म्हणान सांगू?"

"पडत नाय मी. उडी मारतंय."

"एकच ता. यंदा होडयेतसून येवा. नायतर ताट खाडयेत टाकतलंय आणि म्हायराक जातलंय."

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे. पण तिच्या धमकीपेक्षा मला लागलं ते वेगळंच. ती रडकुंडीला आली होती आणि ते लपवायला चुलीत उगाच फुंकर घालत होती. मी ठरवलं, आज काहीही होवो, मी होडीतूनच लागणार. कोरडा. कपाळाला कुंकू लावून घेणार.

होडीत सुकाणूवर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ विश्राम. शिडाची दोरी, जिला आम्ही दामण म्हणतो, ती भिवातात्याच्या हातात. तात्या आमचा चुलता, साठी केव्हाच ओलांडलेला. दादाच्या आधी वर्षानुवर्षं तोच तांडेल होता आणि आम्हा दोघा भावांना होडी त्यानेच शिकवली. पुढे शिडापाशी केशव. आणि कडेवर आम्ही तिघे जाडे: हरी, रुपाजी आणि मी.

जाताना वारा असा सुटला होता की बोललेलं ऐकू येईना. पायांनी फळी धरून आम्ही तिघे होडीबाहेर, पाण्यावर पाठीवर आडवे झालो होतो. लाट आली की तोंडात खारं पाणी जायचं, पोटऱ्यांना फळीची धार काचायची. दादा मागून ओरडत होता, "भायर! आणखी भायर! नीरम, खातंस कित्याक मगे?" मी आणखी बाहेर झुकलो. बगळ्याच्या खडकाला आम्ही तळेकोंडाच्या आधी वळलो. तात्याने दामण अशी सोडली आणि अशी ओढली, की होडीला वळताना धक्कासुद्धा लागला नाही. तात्याचा हात बघून मला नेहमी वाटायचं, हे आपल्याला कोणीतरी करू द्यावं. एकदा तरी.

परतताना तळेकोंडवाल्यांनी आम्हाला गाठलं. त्यांचं शीड नवं होतं. डोंगराच्या आडोशाला आलो तेव्हा दोन्ही होड्या शेजारी शेजारी होत्या आणि वारा पडला. ओहोटी लागलेली, खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं, म्हणजे पुढे जाणं आणखी जड. तळेकोंडाच्या होडीतून धपाधप दोन उड्या पडल्या.

"हरी, रुपाजी, मारा!" दादा ओरडला.

ठरल्याप्रमाणे दोघांनी उड्या टाकल्या. मी जागचा हललो नाही. खरं सांगतो, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मी होडीच्या मधोमध मांडी घालून बसलो, कोरडा, आणि लांबवर धक्क्यावरच्या बायकांच्या साड्यांचे रंग बघायला लागलो.

बाबलने मागून येऊन हरी-रुपाजीला उचललं, तळेकोंडाच्या दोघांनाही उचललं, आणि इंजिन फुरफुरवत आमच्या डाव्या हाताने पुढे निघाला. हरी त्या होडीत उभा राहून नाचत होता. दादाने डोक्याचा पंचा काढून हवेत फिरवला.

"बाबल्या!" तो ओरडला. "हंय काय करतंस? धक्क्यार जा! ढोलवाल्याक सांग तयार रव!"

बाबल गेला. तो तरी काय करणार, त्यालाही शेवट बघायचाच होता. ठरलेल्या उड्या पडून गेल्या होत्या, ठरलेली माणसं उचलून झाली होती.

हे नीट लक्षात ठेवा. बाबलला दादाने पाठवलं.

आणि मग तळेकोंडाची होडी आमच्या पुढे सरकायला लागली. आधी वीतभर, मग हातभर, मग त्यांचं सुकाणू आमच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या बरोबरीला आलं. धक्का दोन-तीनशे हातांवर राहिला असेल. मला दादाकडे बघायची गरजच नव्हती. तो काय म्हणणार ते मला पाठीच्या कण्यात कळलं.

"नीरम," दादा म्हणाला.

मी बायकांच्या साड्या बघत राहिलो.

"सगुण! तुका सांगतंय! मार उडी!"

"मी मारूचंय नाय."

"ते म्होरे जातत रे!"

"जावंदेत."

"मेल्या, गावाची अब्रू जाता आणि तू बसतंस काय!"

"माझी जाता ती कोणाची?" मी मागे वळलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "सकाळी तू देवीची शपथ घेतलंस. चार माणसांच्या म्होरे. आणि आता अर्ध्या होडयेसाठी माका पाण्यात ढकलतंस? मी माणूस हा, दगड नाय!"

"हरलव तर तुझ्यामुळे हरतलव! गाव सोडूचा नाय तुका."

"आणि जिंकलव तर कोणामुळे, ता सांग आदी! इतक्या वर्सांत कधी सांगलंस? एकदा तरी माझा नाव घेतलंस?"

केशव पुढून ओरडला, "अरे भांडतास काय, वारो जाता!" पण आम्हा दोघांनाही ते ऐकू येत नव्हतं. दादा सुकाणू सोडून उठला असता तर मी त्याला खरंच पाण्यात घातला असता.

"बस झाला तुमचा!" तात्या गरजला. "बापाशीच्या होडयेत बसान बायकांसारखे भांडतास! हां. धर."

आणि त्याने दामण माझ्या हातात कोंबली.

"घट धर. सैल सोडू नको. मी जातंय."

"तात्या, तुमी नको," मी म्हणालो. पण तो तोवर कडेवर चढला होता. त्या वयाच्या माणसाने उडी टाकली ती सुद्धा रुबाबात, हात जोडून, डोकं खाली. मी उडी नाकारली म्हणून तात्याला उडावं लागलं, असं पुढे पुष्कळांनी मला सुनावलं. मी ते कधी मानलं नाही. उडी मागणाऱ्याला कोणी विचारत नाही, नाकारणाऱ्याला सगळे विचारतात.

पण ते नंतरचं. त्या क्षणी माझ्या हातात दामण होती. शिडातला उरलासुरला वारा दोरीतून थेट तळहातात येत होता. मी किंचित ओढली, शीड भरलं, आणि होडी पुढे सरकली. मी सरकवली. तळेकोंडवाल्यांच्या बरोबरीला आलो. केशव ओरडला, "अशीच धर, अशीच!" दादाच्या तोंडावर कौतुक होतं, ते मी पाहिलं. इतकी वर्षं हवं होतं ते सगळं माझ्या दोन हातांत आलं होतं. मला वाटलं, प्रमिलाला एवढ्या लांबून दिसत असेल का, की दामण माझ्या हातात आहे?

म्हणून मी मागे वळून बघितलं ते तात्यासाठी नव्हतंच. शीड नीट भरलंय का ते बघायला वळलो. आणि शिडाखालून मला तात्या दिसला. वाटलं होतं त्यापेक्षा तो फार लांब होता. ओहोटी त्याला खडकाकडे ओढत होती. त्याचा एकच हात वर येत होता. पोहणाऱ्या माणसाचा हात पुढे जातो, याचा वर जात होता आणि तिथेच बुडत होता.

"दादा, बाबलो खंय?"

"येता मागसून."

"मागे कोण नाय! बाबलो म्होरे गेलो! तूच धाडलंस तेका!"

दादा धक्क्याकडे बघत सुकाणू धरून बसला.

"दादा, तात्या बुडता. होडी वळव."

"तात्या पवता. दर्याचो माणूस तो, तेका काय होता! लागल्यार बाबल्याक धाडूया."

"तू बघ तरी मागे!"

"दामण सोडू नको, सगुण! शंभर हात रवले!"

त्याने मागे बघितलं नाही. मी आजवर जे काही त्याला माफ केलं नाही ते हेच. वळवली नाही, ते मी एखादे वेळी समजून घेतलं असतं. शर्यतीत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. पण त्याने मान वळवली नाही. बघितलं असतं तर वळवावी लागली असती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"केशव, धर!" मी दामण केशवच्या अंगावर फेकली आणि उडी टाकली. त्या होडीतून मी इतक्या उड्या टाकल्या, पण कोणी न सांगता टाकलेली ती एकच.

मी जाडा आहे, पण पाण्यात माझं वजन मला कधी आड आलं नाही. ओहोटी तात्याकडेच जात होती, तिने मलाही नेलं. पोचलो तेव्हा तो दुसऱ्यांदा खाली जात होता. पायात गोळा आला होता. मी त्याच्या बगलेत हात घालायच्या आतच त्याने मागून माझी मान धरली. बुडणारा माणूस धरतो तशी. त्याची नखं माझ्या मानेत रुतली, आम्ही दोघेही खाली गेलो, आणि मला वाटलं, संपलं. मी त्याच्या पोटात कोपर मारलं, तेव्हा कुठे पकड सैल झाली. मग त्याला उताणा केला, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आणि पाय मारत राहिलो.

तात्या खोकत होता, ओकत होता. मी त्याला शिव्या देत होतो, दादाला शिव्या देत होतो, अख्ख्या खांबेवाडीच्या नावाने बोंबलत होतो. इतक्यात धक्क्यावरून आवाज आला. तळेकोंडाचा ताशा असतो आणि आमचा ढोल. ढोल वाजत होता.

तात्या खोकायचा थांबला.

"आपलो ढोल मा रे?" त्याने विचारलं.

"होय."

"जिंकलव!" तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून लहान मुलासारखा हसला. त्याला तिथेच सोडून द्यावं असं माझ्या मनात आलं. शिरा पडो असल्या जिंकण्यावर!

बाबल आला तो ढोल पुष्कळ वाजून झाल्यावर. केशवने उतरल्या उतरल्या आरडाओरडा केला म्हणून आला, नाहीतर आम्ही समुद्रालाच लागलो असतो. बाबलने आम्हाला ओढून घेतलं, तात्याला शाल गुंडाळली. "काय उडी मारलंस रे नीरमा!" तो मला म्हणाला. "अगदी टायमार! वजन उतारला आणि होडी अशी सुटली, हातभर फरकान जिंकलव!" मला आधी कळलंच नाही तो काय बोलतोय.

धक्क्यावर आल्यावर कळलं.

गर्दीने मला वर ओढलं. लोक पाठीवर थापा मारत होते. दादा मधोमध उभा होता, कपाळाला कुंकू, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. त्याने मला मिठी मारली. ओल्या अंगाला.

"ह्यो माझो भाव!" तो ओरडला. "शेवटाक तेका सांगलंय, सगुण, आता मार! आणि मारल्यान! दामण हातात होती ती सोडल्यान आणि मारल्यान! गावासाठी! आज ओलो बिलो काय बघू नका. आज ओल्याक ओवाळा!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपशकुन दादाने एका वाक्यात काढून टाकला. गर्दीने वाट केली आणि प्रमिला ताट घेऊन पुढे आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. असं तोंड फुललेलं मी तिचं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा नाही. ज्याच्यासाठी मी सकाळी थोरल्या भावाला शपथ घ्यायला लावली, ते सगळं समोर होतं. माझं नावसुद्धा घेतलं गेलं होतं. नीरम नाही, सगुण.

दादाचं तोंड माझ्या कानाशी होतं.

"गप रव," तो हळूच म्हणाला. "ओवाळून घे. तुका व्हया होता मा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याची मिठी सोडवली आणि त्याला असा ढकलला, की तो मागच्या माणसांवर जाऊन आदळला.

"माका हेनी उडी मार म्हणान सांगूक नाय!" मी ओरडलो. "तात्या बुडत होतो. बाबल्याक हेनीच म्होरे धाडल्यान. मी सांगलंय होडी वळव, हेनी मागे बघल्यान पण नाय! तात्याक काढूक उडी मारलंय मी. तुमच्या नारळासाठी नाय!"

ढोल थांबला. दादाचं तोंड उतरलं. पण तो काही बोलायच्या आत तात्या बोलला. तो मासळीच्या पेटीवर बसला होता, शाल लपेटून, हातात चहाचा ग्लास.

"कोण बुडत होतो?" तात्याने विचारलं.

"तुमी, तात्या."

"मी?" तो हसला. गर्दीकडे बघून हसला, माझ्याकडे नाही. "अरे, ह्या खाडयेत माझी हयात गेली. मी आपलो बरो पवत येय होतंय. ह्यो वरसून येवन माझ्यार आपाटलो. मीच तेका धरून रवलंय बाबलो येयसर."

लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले. कोणीतरी म्हणालं, "नीरमाक मान मिळालो तर तो पण पचत नाय." दुसरा म्हणाला, "भावाचा बरा बघवत नाय, दुसरा काय!" मी तात्याकडे बघत होतो. माझ्या खांद्यावर ओकलेला माणूस. जुना तांडेल, खाडीचा राजा. त्याला नीरमाने काढलं, हे तो धक्क्यावर, तळेकोंडवाल्यांच्या समोर कसं कबूल करील? आणि तो बुडत होता हे मान्य केलं, तर जिंकलेल्या नारळाचं काय? मला सगळं कळत होतं.

प्रमिला अजून समोर उभी होती. तिने ताट खाली जमिनीवर ठेवलं. मला वाटलं, चालली माहेरी. पण ती माझ्या मागे गेली आणि माझ्या ओल्या शर्टाची कॉलर खाली ओढली. खारं पाणी लागून मान चुरचुरत होती, पण तिथे काय आहे हे मला दिसत नव्हतं. तिला दिसलं. तिने मला खांद्याला धरून गर्दीकडे पाठ करून उभं केलं. मागून कोणीतरी बाई चुकचुकली.

मग प्रमिला तात्यापुढे गेली. चुलतसासऱ्यापुढे आमच्यातल्या सुना मान वर करून बोलत नाहीत. तिने पदर खोचला.

"तात्यानू," ती म्हणाली, "हात दाखवा."

"कित्याक?"

"नखा बघूची आसत."

तात्याने चहाचा ग्लास पेटीवर ठेवला. मला वाटलं, दाखवतोय. त्याने दोन्ही मुठी गच्च आवळल्या आणि शालीच्या आत घातल्या.

धक्क्यावर शे-दोनशे माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं. दादाने पाहिलं, बाबलने पाहिलं, केशवने पाहून मान खाली घातली. कोणी हसलं नाही. आता कोणीतरी काहीतरी बोलेल, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी वाट बघितली.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, वाजवा रे!"

आणि ढोल वाजायला लागला.